तेविसावा तुकडा

मावशींनी डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, डोळे मिटून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "महिना. फार तर पाच आठवडे."

मी रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी त्याच डब्यात टाकली, झाकण लावलं आणि वहीत वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टी काढून तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहिली. तक्त्याच्या मते चार ते सहा आठवडे.

"एक आठवडा जास्तच सांगतोय," मावशी म्हणाल्या. "सर्दी झाली असेल तुझ्या कागदाला."

डब्यातली फिल्म नव्वद वर्षांपूर्वीच्या एका मूकपटाची होती. त्या काळातली फिल्म नायट्रेटची असायची. ती आपोआप कुजते. आधी ओल्या मोज्यांसारखा वास येतो, मग ती चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी होते. वास सुरू झाला की उलटी मोजणी सुरू झाली असं समजायचं. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या चित्रपट संग्रहालयात लागले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते, आणि कुजण्याचा वेग तापमानानुसार कसा बदलतो याचं सूत्र मला पाठ होतं. मावशींना सूत्र माहीत नव्हतं. त्या फिल्म जोडायच्या. तुटलेले तुकडे साफ करायचे, कडा खरवडायच्या, ब्रशने सिमेंट, म्हणजे फिल्म चिकटवायचा पातळ द्राव, लावून टोकाला टोक चिकटवायचं, हे काम त्या उत्तरेच्या खिडकीखालच्या एकाच टेबलावर एकतीस वर्षं करत होत्या. मी पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलाची उंची मोजली होती, कारण मला तसंच टेबल हवं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव 'फूटपट्टी' झालं, आणि आठवड्याभरात संग्रहालय चालवणाऱ्या साहेबांच्याही.

त्या महिन्याच्या अखेरीस मावशी निवृत्त होणार होत्या. साहेबांनी ठरवलं होतं की निरोपाला भाषणं आणि शाल असलं काही नको. मावशींनी इथे आल्यावर पहिल्यांदा जोडलेली फिल्म दाखवायची. ती हीच. शिवाय तिची कायमची प्रत काढायची. स्कॅनरमधून ही फिल्म एकदा जाऊ शकेल, असा अंदाज मी आणि तो स्कॅनर चालवणारे मशीनवाले काका या दोघांनी वेगवेगळा काढला होता. दुसऱ्यांदा घातली तर दात्यांमध्ये तिचा चुरा होईल. म्हणजे त्या एका फेरीत जी प्रत निघेल, तीच पुढे राहणार होती. मूळ फिल्म त्यानंतर फार दिवस नव्हती.

हा मूकपट एका कादंबरीवरून घेतलेला आहे. ती कादंबरी आम्हा सगळ्यांना शाळेतच वाचावी लागते. नावाड्याची बायको. नवरा पुरात जातो, आणि ती बारा वर्षं एकटी होडी चालवते. शेवटच्या प्रकरणात पुन्हा पूर येतो, पलीकडच्या काठावरून कोणाची तरी हाक येते, ती कंदील घेऊन होडी सोडते आणि परत येत नाही. मूकपट काढणाऱ्यांनी त्यातलं हवं तेवढं घेतलं होतं. बारा वर्षांची तीन केली, सासूला गाळलं, आणि कादंबरीत कुठेही नसलेलं एक कुत्रं घातलं. कुत्रं फार छान काम करतं.

एकूण नऊ रिळांपैकी आमच्याकडे शेवटचं एकच होतं. एकतीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी माळ्यावर ते सापडलं. ज्याला सापडलं त्या माणसाने हौसेने ते घरीच उलगडून पाहिलं, सुकलेले सांधे पटापट सुटले, आणि मग त्याने सगळे तुकडे एका पिशवीत कोंबून, गंजलेल्या डब्यासकट संग्रहालयात आणून दिले. बावीस तुकडे. मावशींना नोकरीला लागून तेव्हा महिना झाला होता. त्यांनी सात आठवडे बसून ते जोडले. शेवटी निळ्या रंगात रंगवलेली रात्र, होडी लहान लहान होत जाते, कंदिलाचा ठिपका विझतो, पडदा काळा. आमच्याकडे येणारे अभ्यासक या शेवटापाशी गप्प व्हायचे. साहेबांनी त्यावर लेख लिहिला होता. 'कादंबरीशी इमान राखणारा शेवट' असं त्याचं नाव होतं, आणि तो चौकटीत घालून त्यांनी खोलीत लावला होता.

स्कॅनरचे दाते लावायचे तर प्रत्येक तुकडा किती आकसला आहे ते कळावं लागतं. म्हणून मी एकेका तुकड्याच्या कडेची शंभर भोकं किती लांबीत बसतात ते मोजत, तिरप्या उजेडात फिल्म पुढे सरकवत होते. तिसऱ्या दिवशी मला कडेवर एक पुसट डाग दिसला. मग थोड्या अंतरावर तसाच दुसरा. मग तिसरा. डाग पाण्याचा होता. फिल्म अखंड असताना, गुंडाळलेली असताना, डब्यात एका बाजूने पाणी शिरलं असणार आणि प्रत्येक वेढ्याला त्याच जागी लागलं असणार. मावशींनी तेव्हा बहुतेक पुसून काढला होता. तिरप्या उजेडातच तो दिसत होता.

सवयीने मी दोन डागांमधलं अंतर मोजलं. हे अंतर म्हणजे त्या वेढ्याचा घेर. फिल्मची जाडी ठरलेली असते, त्यामुळे आत जावं तसा प्रत्येक वेढ्याचा घेर जवळपास एक मिलिमीटरने कमी होत जायला हवा. पहिल्या तुकड्यावर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर होतं. दुसऱ्यावर त्याहून कमी. मला गंमत वाटू लागली. मी आलेख काढायला घेतला. ठिपके एका सरळ रेषेत उतरत होते, आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या एका गळतीने इतका शहाणा आलेख काढावा याचं मला कौतुक वाटत होतं.

पाचवा आणि सहावा तुकडा रेषेतून धपकन खाली पडले.

मला वाटलं माझी चूक झाली. पुन्हा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. पाचव्यावरची अंतरं चोवीस सेंटिमीटरला सुरू होऊन साडेएकवीसला संपत होती. सहाव्यावरची साडेएकवीसला सुरू होऊन एकोणीस पूर्णांक आठला. आणि शेवटचा, होडीचा बाविसावा तुकडा, चोवीसपाशी संपत होता. यात शंकेला जागाच नव्हती. पाचवा आणि सहावा तुकडा रिळात अगदी आत, गाभ्यापाशी होते. होडीच्याही नंतर.

पाचवा आणि सहावा तुकडा म्हणजे घरी येण्याचं दृश्य. दिव्याच्या उजेडासाठी वापरतात त्या पिवळसर रंगातलं. बाई दार लोटून आत येते, कंदील खुंटीला अडकवते, केस पिळते, बाकावर बसते. कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात ती एकदा पावसातून अशी घरी येते, म्हणून मावशींनी ते दृश्य सुरुवातीला लावलं होतं.

म्हणजे मूकपटात ती बुडत नव्हती. ती परत येत होती.

तरी एक प्रश्न उरत होता. रीळ उलटं गुंडाळलेलं असेल तर सगळा क्रमच उलटा होतो. मी तुकड्यांची टोकं भिंगाखाली पाहिली. प्रत्येक टोकावर शाईने लिहिलेला बारीक आकडा होता, आणि ते आकडे माझ्या रेषेप्रमाणेच चढत होते. होडीवर बावन्न. दार लोटून येणारीवर त्रेपन्न.

आकडे तर मावशींनीही पाहिले असणार. मी त्यांचं जुनं कार्ड काढलं. संग्रहालयात प्रत्येक फिल्मचं एक कार्ड असतं. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'टोकांवर आकडे आहेत. रंगाच्या घाण्याचे असावेत.' तेव्हा फिल्मचे तुकडे रंगाच्या टाकीत वेगवेगळे बुडवायचे, आणि कोणता तुकडा कितव्या घाण्यात गेला ते कधीकधी टोकावर लिहायचे, हे खरं आहे. हे मला मावशींनीच शिकवलं होतं. हा धंदा माहीत असलेल्या माणसालाच अशी चूक करता येते. त्याच्या खालच्या रकान्यात छापील शब्द होता, 'क्रमाचा आधार', आणि पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'कादंबरी'.

वही घेऊन मी आधी साहेबांकडे गेले. ते मला अजून खटकतं. मावशींचं टेबल माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं.

साहेबांनी आलेख बराच वेळ पाहिला, मग भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. म्हणाले, "माझा लेख गेला म्हण की." मग गंभीर झाले. त्यांचं म्हणणं असं होतं की कागदोपत्री चूक दुरुस्त व्हायलाच हवी, पण दोन आठवड्यांवर निरोप आहे. एकतीस वर्षं चोख काम केलेल्या बाईला जाता जाता, तुमची पहिलीच जोडणी चुकली होती, असं सांगायचं का? प्रत आहे त्या क्रमाने काढू, त्या गेल्यावर कॉम्प्युटरवर तुकडे इकडचे तिकडे करू. बिघडलं कुठे?

तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडत नव्हतं. मी हो म्हणून बाहेर आले. मावशी भिंगावर वाकून कुठल्या तरी बातमीपटाचं फाटलेलं भोक नीट करत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय गं, दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीस. माझ्या टेबलावर डोळा आहे ना? जाऊ दे की मला, मग घे."

आठ महिन्यांत मला जे काही येऊ लागलं होतं ते या बाईच्या शेजारी बसून. हातमोजे घालूनही फिल्म नेहमी कडेनेच धरायची. सिमेंट जास्त झालं तर पुसायचं नाही, सुकू द्यायचं. सांधा जोडताना श्वास रोखायचा. हे कोणत्याही पुस्तकात नाही. मी आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात एक अख्खा फूट फिल्म जाळली होती, तेव्हा त्यांनी कार्डावर 'जोडताना नुकसान' लिहून स्वतःची सही केली होती. हे आठवलं आणि साहेबांना दिलेलं हो मला जड झालं.

मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी आधी हातातलं भोक पूर्ण केलं. मग चष्मा बदलला. आलेख त्यांना समजावून सांगावा लागला नाही. सुतळीचा एक गुंडा त्यांच्या टेबलावर होता, तो उचलून त्यांनी एक वेढा उलगडला, मग दुसरा, आणि मान हलवली. पाचवा तुकडा काढून स्वतःच्या पट्टीने मोजला. सहावा मोजला. आकडे बोटाने वहीतल्या आकड्यांशी लावून पाहिले.

"म्हणजे ही होडीच्या नंतर येते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आकडे घाण्याचे नव्हते."

"नव्हते, मावशी. पण तसं वाटणं साहजिक..."

"साहजिक नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी स्वतःला पटवलं होतं."

मग त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. त्यात सुटी बटणं, तुटकी कात्री, चहाच्या डब्याचं झाकण, आणि सगळ्याच्या खाली एक पिवळं पडलेलं कागदी पाकीट होतं. त्यातून त्यांनी चिमट्याने फिल्मचा एक छोटा तुकडा काढला आणि पांढऱ्या काचेवर ठेवून खालून दिवा लावला.

नायट्रेटचा तुकडा टेबलाच्या खणात ठेवणं आमच्याकडे नोकरी जाण्याइतका गंभीर गुन्हा आहे. ती फिल्म पेट घेते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल," मावशी म्हणाल्या. "मला माहितीये. हा मोज आधी, मग बोल."

तुकडा चाळीस सेंटिमीटरचा होता. एकवीस फ्रेम. पडद्यावर सेकंदाहून थोडं जास्त. पिवळसर रंगात उंबऱ्यालगतच्या फरशीवर दोन पाय होते. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, दोन्ही चिंब ओले. शेवटच्या सहा-सात फ्रेममध्ये एका बाजूने कुत्र्याचं नाक येत होतं.

तिरप्या उजेडात दोन डाग दिसले. मी अंतर तीनदा मोजलं.

"एकोणीस पूर्णांक सहा."

"कुठे बसतं?"

"सहाव्याच्या नंतर. सगळ्यात शेवटी."

मावशींनी हातमोजे काढले आणि एकावर एक ठेवले. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटतंय, आणि मी सूत्रासारखं काहीतरी सांत्वन शोधू लागले. पण त्या हसत होत्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांची आई शिवणकाम करायची. घरात एकच मोठं पुस्तक होतं, वडिलांच्या मागे राहिलेलं, ते ही कादंबरी. काम आटोपलं की आई ते मांडीवर उघडायची आणि तिन्ही मुलांना वाचून दाखवायची. एका बोटाने ओळी धरायची, ठरावीक वेळाने पान उलटायची. गोष्ट फार रंगायची. त्यात एक कुत्रं होतं, ते मुलांचं लाडकं. शेवटी पूर यायचा, बाई होडी घेऊन जायची, मुलं रडकुंडीला यायची, आणि मग दार लोटून ती परत यायची. एक बूट नदीने ठेवून घेतलेला. कंदील खुंटीला लागायचा, आणि कुत्रं येऊन तिचा अनवाणी पाय हुंगायचं. तेवढ्या जागी आई प्रत्येक वेळी पुस्तक मिटून धाकट्याच्या तळपायाला गुदगुल्या करायची.

मावशी बारा वर्षांच्या झाल्या, शाळेत ती कादंबरी आली. वर्गात त्या सगळ्यात हुशार. एका आठवड्यात त्यांनी ती पूर्ण वाचली. कुत्रं नव्हतं. बूट नव्हता. बाई परत येत नव्हती. घरी येऊन त्यांनी दोन्ही भावांसमोर आईला सांगितलं की तू वाचत नव्हतीस, तुला वाचताच येत नाही.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मी बघितलंय. आठ वर्षांची होते, तंबूत बघितलंय." मावशींनी चष्मा काढून पुसला. "आणि मी म्हटलं, पुस्तक बघायचं नसतं, वाचायचं असतं. भाऊ खूप हसले. फार हुशार वाटले मी स्वतःला."

आईने पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. पुन्हा कधी काढलं नाही. तंबूचा विषयही काढला नाही. मावशी संग्रहालयात लागायच्या आदल्या वर्षी ती गेली.

"पिशवीतून सातवा तुकडा काढला आणि कुत्रं दिसलं," मावशी म्हणाल्या, "तेव्हाच मला कळलं होतं. हा तुकडा सापडला तेव्हा तर रात्रभर झोप नाही. तेव्हाच्या साहेबांना मी विचारलं, शेवट वेगळा असू शकेल का हो? त्यांनी विचारलं, आधार काय? चांगला माणूस होता, बरोबरच विचारलं त्याने. आता काय सांगू, की माझ्या आईने सांगितलंय? वाचता न येणाऱ्या? महिन्याभराची नोकरी माझी. ते म्हणाले, शंका असेल तिथे पुस्तकाप्रमाणे जोडा. मी जोडलं. दुसऱ्यांदा तेच केलं बघ मी. आई एकीकडे, पुस्तक एकीकडे, आणि मी पुस्तकाच्या बाजूला."

खणातला तुकडा त्यांनी कधी डब्यात ठेवला नाही, कारण डब्यात ठेवायचा तर कार्डावर लिहावं लागलं असतं की हा कुठला. खोटं लिहवेना, आणि खरं लिहायला आधार नव्हता.

मी तुकडा उलटसुलट करून पाहिला. बावीस तुकड्यांपेक्षा हाच स्वच्छ होता. वास नाही, चिकटपणा नाही. नायट्रेट कुजताना वायू सुटतो, बंद डब्यात तो साठतो आणि कुजणं वाढवतो. कागदी पाकिटातून तो निघून जात होता. नियम मोडून ठेवलेला तुकडा नियमाने ठेवलेल्यांपेक्षा चांगला टिकला होता. मी मावशींना हे सांगितलं.

"हे लिहू नकोस कुठे," त्या म्हणाल्या. "लोक खणात ठेवायला लागतील."

साहेबांना सांगायला त्या स्वतःच गेल्या. प्रत काढायच्या आधी मूळ फिल्मच नव्या क्रमाने जोडायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. साहेब म्हणाले, मावशी, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे, कशाला हात लावता, ती आता फार नाजूक आहे. मावशींचं म्हणणं असं की कॉम्प्युटरवर करायला हरकत नाही, पण चूक मी हाताने केली आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फिल्म हे सोसेल का, हा प्रश्न खरोखरच माझा होता. मी आकडे केले. दोन सांधे सोडवायचे, तीन जोडायचे, प्रत्येक ठिकाणी एखादी फ्रेम जाणार. सोसेल, पण हात चुकला तर तुकडा जाईल.

"कोणाचा हात?" साहेबांनी विचारलं.

"मावशींचा."

"मग विचारतेस काय?"

आम्ही सकाळच्या गारव्यात काम केलं. मावशींनी एकतीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या सांध्याला पातं लावलं. सांधा सुटेना. सिमेंट फिल्ममध्ये असं मुरलं होतं की कुठे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो ते बोटाला लागत नव्हतं.

"इतकं पक्कं कशाला जोडलं होतंस गं," त्या पुटपुटल्या. स्वतःला अगं-तुगं करताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. "खात्री नव्हती म्हणून असणार."

शेवटी सांध्याच्या दोन्ही बाजूंनी कापावं लागलं. कापलेल्या फ्रेम मी लेबल लावून पाकिटात ठेवल्या. पाचवा आणि सहावा तुकडा होडीच्या मागे गेले. सुरुवातीला मोकळ्या झालेल्या जागी चौथ्याला सातवा जोडला गेला, आणि आमच्या लक्षात आलं की तिथे कुत्र्याची उडी आता मधेच तुटत नाही. ती नेहमी तुटायची. अभ्यासकांनी त्यावरही काहीतरी लिहिलं होतं.

तेविसावा तुकडा त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला. कड खरवडली, ब्रश सिमेंटमध्ये बुडवला, टोक टोकावर टेकवलं आणि दाब दिला. दहा सेकंद. मी श्वास रोखून धरला होता. त्यांनी मात्र चालूच ठेवला होता.

चार दिवसांनी मशीनवाल्या काकांनी फिल्म स्कॅनरमधून नेली. कुठेही अडकली नाही. काका एरवी यंत्राशीही कमी बोलतात. त्या दिवशी फिल्म बाहेर आल्यावर त्यांनी तिचं शेपूट हातात घेऊन मावशींसमोर धरलं आणि म्हणाले, "घ्या बाई. पोरगी सुखरूप आली."

निरोपाच्या दुपारी आमचं साठ खुर्च्यांचं सभागृह भरलं. साहेबांनी सुरुवातीला उभं राहून सांगितलं की आजवर आपण हा शेवट चुकीच्या क्रमाने पाहत आलो आणि त्यावर काही लोकांनी लेखही लिहिले, ज्यांत मी आहे. लोक हसले. मावशींचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, एकदा चुकीसाठी आणि एकदा दुरुस्तीसाठी. मावशींनी त्यांना तसंच सांगितलं होतं.

त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मी शेजारी. निळी रात्र आली, होडी लहान झाली, कंदील विझला. इथे इतकी वर्षं पडदा काळा व्हायचा. तो पिवळा झाला. दार लोटून बाई आत आली. तिने कंदील खुंटीला लावला, केस पिळले, बाकावर बसली. मग पाय आले. एक बुटातला, एक अनवाणी. बाजूने कुत्र्याचं नाक आलं आणि संपलं. सेकंदाहून थोडं जास्त.

मावशींच्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. दिवे लागल्यावर त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुदगुल्या इथेच." मला म्हणाल्या असं नाही.

बाहेर चहा होता. एक वयस्कर अभ्यासक, जे दर वर्षी येतात, मावशींजवळ येऊन नाराजीने म्हणाले की शास्त्र वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर आधीचा शेवट जास्त चांगला होता. मोठा होता. हा अगदीच घरगुती वाटतो.

"असेल," मावशी म्हणाल्या. "तो मी केला होता."

लोक पांगल्यावर त्या टेबलाशी परत आल्या. खण रिकामा केला, कात्री आणि बटणं पिशवीत टाकली. दिव्याची वायर गुंडाळली. मला जवळ बोलावलं आणि स्वतःचं भिंग माझ्या हातात दिलं, जसं रोज द्यायच्या तसं, संध्याकाळी परत मागायचं असल्यासारखं. मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, टेबलाची उंची मी अजून विसरले नाही."

"अडुसष्ट सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशी ओरडून सांगितलं होतंस सगळ्यांना."

शेवटचं काम कार्डाचं उरलं होतं. त्यांनी नवं कार्ड घेतलं नाही. जुन्याच कार्डावर 'बावीस तुकडे'मधला बावीस एका रेघेने खोडून तेवीस केलं. 'रंगाच्या घाण्याचे असावेत' खोडलं. 'क्रमाचा आधार' या रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. 'कादंबरी' या शब्दावर त्यांनी एक रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं :

'टोकांवरचे आकडे. पाण्याच्या डागांची मोजणी, वही जोडली आहे.'

मग एक ओळ सोडून :

'प्रत्यक्ष पाहणारी : आई. तेव्हा वय आठ.'

कार्डावर साहेबांची सही लागते. मावशी ते घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, मी दाराशी उभी राहिले. भिंतीवरची चौकट उतरवलेली होती, तिच्या जागी भिंतीचा रंग थोडा उजळ दिसत होता. साहेबांनी कार्ड वाचलं. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले, आणि मला वाटलं आता विचारतील, हा कसला आधार.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आठच ना, मावशी?"

"आठच," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी सही केली, तारीख घातली, आणि शाई सुकेपर्यंत कार्ड कडेने धरून ठेवलं.